लाल कापूस

वयाच्या बाराव्या वर्षापासून मी रोज सकाळी हरत असे. हरण्याची वेळ आठाची, म्हणजे जिनिंगचा भोंगा वाजायची, आणि जागा आमच्या ओसरीवरचा दुसरा खांब. बाबा आंघोळ-संध्या आटोपून भिंतीशी पाटावर बसत, मी खांबाला टेकून खाली बसे, आणि आमचा वाद सुरू होई. बाबा जुन्या पद्धतीचे तर्कशास्त्री. अमरावतीतल्या एका पाठशाळेत ते शिकवत, पण त्यांचा खरा जीव या घरच्या वादात होता. वादाला दोन बाजू लागतात. आपलं मत तो सिद्धान्त, आणि त्याच्या विरुद्ध असणाऱ्याचं म्हणणं आधी मांडायचं, तो पूर्वपक्ष. सिद्धान्त अर्थातच बाबांचा. पूर्वपक्ष पूर्वी माधवदादाकडे होता. तो जबलपूरला नोकरीला लागला तेव्हा त्याची जुनी पेटी आणि पूर्वपक्ष या दोन गोष्टी माझ्या वाट्याला आल्या. हा पूर्वपक्ष बहुधा बौद्धाचा असे. तेव्हा परकर-पोलक्यातली मी रोज सकाळी सांगे की जगात काही म्हणजे काही टिकत नाही, प्रत्येक वस्तू क्षणाक्षणाला नाहीशी होते आणि तिच्या जागी दुसरी येते, माणसाच्या आतसुद्धा कायमचा असा कोणी बसलेला नाही. मग बाबा मिशीतल्या मिशीत हसत विचारत, "काल संत्रं कोणी खाल्लं?" मी म्हणे, "मी." "आज त्याची आठवण कोणाला आहे?" "मला." "मग कालची कुमुद नाहीशी झाली असेल, तर आजच्या कुमुदला कालच्या संत्र्याची आठवण कशी?" आणि मी हरे.

हरणाऱ्याने जिंकणाऱ्यापुढे एक सुपारी ठेवायची, ही आमच्या घराण्यातली आजोबांपासूनची रीत. माझी सुपारी एकच होती. हरले की मी ती बाबांपुढे ठेवी आणि उठताना बाबा ती मला परत देत, "ठेव, उद्या लागेल." चार वर्षांत हाताळून हाताळून तिला तेल लावल्यागत झळाळी आली होती. आतून आईचा आवाज येई, "झाली का हारून? मंग ये इकडं, भाकरी टाक." माझी आई तेल्हाऱ्याकडच्या हिवरखेडची, शेतीभातीच्या घरातली. बाबांची भाषा पोथीतून उतरलेली, आईची काळ्या मातीतून वर आलेली, आणि मी दोन्हींच्या मधे वाढले. ज्वारीच्या भाकरीचा वास, अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी पडल्याचा चर्र आवाज आणि बाबांचं 'अत्र ब्रूमः', म्हणजे 'यावर आमचं उत्तर असं', हे सगळं मला आजही एकदमच आठवतं. आठवणारी मी तीच का, हा प्रश्न वेगळा. त्याच्याचसाठी हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

त्या वर्षी मी मॅट्रिकची परीक्षा देऊन बसले होते. आईचे भाऊ, अकोल्याचे वकीलमामा, चैत्रातच एक स्थळ घेऊन आले. मुलगा अकोल्याचा, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला, घरची माणसं बरी. मी धीर करून म्हटलं की मला कॉलेजात जायचं आहे, तत्त्वज्ञान घ्यायचं आहे. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, ते हसले. "पूर्वपक्ष सांगायला कॉलेज कशाला? असं कर, एकदा माझी सुपारी घेऊन दाखव. एकदाच. ज्या दिवशी घेशील, त्या दिवशी तुझं कॉलेज पक्कं आणि तोवरची बोलणी रद्द." मामा वकील पडले. ते म्हणाले, "भाऊजी, मी साक्षीदार आहो बरं. मंग फिरायचं नाई." "फिरायला काय झालंय?" बाबा म्हणाले. त्यांना आजवर कोणी हरवलं नव्हतं, आणि मी तर रोजचीच हरणारी.

अशात ती आली. तिचं पत्र आधी आलं होतं, लेनिनग्राडहून, स्वच्छ संस्कृतात आणि शाळकरी मुलाच्या अक्षरासारख्या ठसठशीत देवनागरीत. नाव झोया पाव्लोव्हना. मधलं नाव वडिलांचं, असं मी सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हंजे आपल्यासारखंच की! मंग रशिया काय लई दूर नाई." ती नागपुरास वर्षभरासाठी आली होती, तिथे तिला बाबांचं नाव कळलं, आणि मग आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे खोली घेऊन ती अमरावतीस राहिली. पंचेचाळिशीची, उंच, हाडापेराने दणकट, केस मागे घट्ट बांधलेले, पायांत पुरुषी बूट. तिला मराठी येत नव्हतं, बाबांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, म्हणून ओसरीवरची भाषा संस्कृत झाली. तिचे उच्चार आधी ऐकवत नसत. तिने ज्यांच्याकडून संस्कृत घेतलं त्या तिच्या गुरूंनीही ती भाषा कोणाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. सगळी डोळ्यांनी शिकलेली. पण विभक्ती मात्र एक चुकत नसे. बाबा तिला विदुषी म्हणत, गल्ली रशियावाली बाई म्हणे. परदेशी म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायला दर शनिवारी एक पोलीस शिपाई सायकलवरून येई, पायरीवर बसून चहा घेई आणि वहीत 'बाई हजर' असं लिहून जाई.

तिची काम करण्याची तऱ्हा मी जन्मात विसरणार नाही. तिच्याजवळ चहाचे तीन रिकामे डबे होते आणि त्यांत कागदाच्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक शब्द. एक जुना बौद्ध तर्कग्रंथ तिच्या अभ्यासाचा विषय. त्याचं मूळ संस्कृत हरवलेलं, उरलंय ते तिबेटी भाषांतर. त्यावरून मूळ संस्कृत वाक्य काय असेल ते ती जुळवत होती. वाक्य जुळवायचं, आमच्या ओसरीवर ते मोठ्याने म्हणायचं, आणि बाबांना विचारायचं, "असं कोणी म्हणेल का?" बाबा म्हणत, "अर्थ बरोबर, पण असं कोणी म्हणणार नाही." की चिठ्ठी परत डब्यात. एका आठवड्यात एक पान झालं तर डोक्यावरून पाणी. "समजलं का?" असं बाबांनी विचारलं की ती नेहमी एकच उत्तर देई, "अद्यापि न." अजून नाही. मला चटकन समजायचं आणि त्याचा मला ताठा होता. समजलं नाही असं कबूल करण्यात कमीपणा नाही, उलट काम तिथून सुरू होतं, हे मी त्या बाईच्या चिठ्ठ्यांवरून शिकले.

तिच्या गुरूंची हकीकत तिने एकदाच सांगितली, तीही शनिवारी, शिपाई पायरीवर चहा पीत असताना. संस्कृतात सांगत होती म्हणूनच तिला भीती वाटली नसावी. ती विद्यार्थिनी असताना एका सकाळी काही माणसं आली आणि तिच्या गुरूंना घेऊन गेली. ते परत आले नाहीत. मागे राहिलेली एक वही तिने युद्धाच्या उपासमारीत, घरातल्या खुर्च्या शेगडीत घालून जाळल्या तेव्हासुद्धा जाळली नाही. त्या वहीत हाच ग्रंथ जुळवायला घेतला होता आणि ती एका दृष्टान्तापाशी थांबत होती. तेवढं वाक्य पुरं करायचं म्हणून ती पंधरा वर्षं तिबेटी शिकली होती. बाबांचा पोथीवरचा हात तसाच राहिला. शिपायाने वहीत 'बाई हजर' लिहिलं आणि सायकलवर टांग मारून तो गेला. मी हे सगळं आत जाऊन आईला सांगितलं. आईने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "मंग त्याहिचं श्राद्ध कोण करते?" मी ते बाहेर येऊन विचारलं. झोयाबाई म्हणाली, कोणीच नाही, ते कोणत्या दिवशी गेले हेसुद्धा ठाऊक नाही. "तिथी माईत नसन तं सर्वपित्रीले करतात," आई दारातून म्हणाली. आणि खरंच, त्या भाद्रपदात सर्वपित्री अमावास्येला बाबांनी तर्पण करताना आपल्या पितरांच्या शेवटी एक परकं नाव घेतलं. नावाला ते तीनदा अडखळले. गोत्र ठाऊक नसलेल्याचं काश्यप म्हणतात, तसं म्हणाले.

पण मी पुढे गेले. ती वही थांबली होती तो दृष्टान्त कापसाचा. माणसाने केलेल्या कर्माचा ठसा पुढे कसा उतरतो हे सांगताना जुने बौद्ध म्हणत, सरकी लाखेच्या रसात रंगवून पेरली की कापूस लाल येतो, तसा. करणारा टिकत नाही, पण त्याच ओळीत पुढे रंग उगवतो. बाबांना हा दृष्टान्त पाठ होता आणि त्याचं खंडनही. वैशाखातली ती सकाळ. मी पूर्वपक्ष मांडला, बाबांनी पाडला, मी सुपारी ठेवली. झोयाबाईने विचारलं, "आपण इतके चांगले खंडन करता. पण बौद्ध कुठे आहे? तो काय म्हणतो?" बाबा म्हणाले, "विदुषी, तो पक्ष या देशातून हजार वर्षांपूर्वी संपला. आता बौद्ध राहिला नाही, म्हणून त्याचं आपल्यालाच म्हणावं लागतं." बाबा हे अगदी भोळेपणाने म्हणाले. आणि दोनच दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती. नाल्यापलीकडच्या वस्तीत कर्णा लागला होता, आणि बुद्धवंदना आमच्या ओसरीवर शब्द न् शब्द ऐकू येत होती. चार-पाच वर्षं दरसाल येत होती. बाबांनी ती ऐकली नव्हती असं नाही. ती माणसं आणि पोथीतला बौद्ध यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि माझ्या तरी कुठे आलं होतं?

झोयाबाई मात्र उठली, बूट चढवले आणि आवाजाच्या रोखाने चालत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा तिच्या मागे पांढरं धोतर, कोट आणि टोपीतले एक गृहस्थ होते. नगरपालिकेच्या शाळेतले तायडे गुरुजी, थोडंफार इंग्रजी बोलणारे. छप्पन्न साली घरादारासकट दीक्षा घेतलेले. ते पायरीपाशी थांबले. बाबा पाटावरून अर्धवट उठले, बसले, पुन्हा उठले. मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "या. बसा. वादाला प्रतिपक्षी आला तर त्याला आसन द्यावं लागतं." माझ्या खांबाच्या पलीकडे गुरुजी बसले. कपांचं काय झालं, हे वाचणाऱ्याच्या मनात आलंच असेल. झाकून ठेवत नाही: झोयाबाईचा कप कोनाड्यात वेगळा होता, त्याच्याशेजारी आणखी एक आला. गुरुजींनी तो पाहिला असावा. "मी चहा घरूनच घिऊन निंगतो," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले आणि त्या घरात त्यांनी कधी पाणीही मागितलं नाही. बाबांना ते सोयीचं वाटलं. मलाही वाटलं, आणि त्याची लाज वाटायला मला फार वर्षं लागली.

गुरुजी होते म्हणून वाद मराठीत झाला, झोयाबाईला मी संस्कृतात सांगत गेले, आणि पुढेही तसंच चाललं. गुरुजींनी सगळा पूर्वपक्ष ऐकून घेतला. मी म्हणत होते, बाबा पाडत होते. लाल कापसापाशी आलो तसे ते मधेच म्हणाले, "थांबा. हे कोन म्हनते?"

"बौद्ध म्हणतात," बाबा म्हणाले.

"मी नाई म्हनत. सरकी कशात बी बुडवा, कापूस पांढराच येते. माही माय हिवरखेडले वावरात कापूस येचे, जलमभर. लाल कापूस तिनं कधी पाह्यला नाई, मी बी नाई."

आतून आई बाहेर आली. "हिवरखेडले? तुमी सखूबाईचे का? माह्या वडलाच्या वावरात येचाले यायची ते?"

"हौ," गुरुजी म्हणाले. "त्याच वावरात."

आईने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "तुमची माय लई चांगलं गानं म्हने," आणि आत गेली.

बाबांनी शास्त्राचा नियम काढला. दृष्टान्त दोन्ही पक्षांना मान्य असला की पुरे, तो कोणी तपासत नाही. "मले मान्य नाई," गुरुजी म्हणाले. ज्या पक्षाची मान्यता ते तीस वर्षं गृहीत धरत होते, तो पक्ष समोर बसून नाही म्हणत होता. इतक्यात झोयाबाईने विचारलं, "पण कोणी पेरून पाहिलं आहे का?" भर वऱ्हाडात, ज्या गावात थंडीत श्वासासोबत कापसाचे तंतू नाकात जातात, तिथे बसून आम्ही लाल कापसावर भांडत होतो आणि एक सरकी कोणी रंगवून पेरली नव्हती. हजार वर्षांत इकडच्यांनी नाही की तिकडच्यांनी नाही. आणि झोयाबाईने? तिने त्या ओळीवर पंधरा वर्षं घातली, पण पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, झाड अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

ज्येष्ठात मला अकोल्याला दाखवायला नेलं. पिवळं लुगडं, हातात पोह्यांच्या बशा, मान खाली. मुलाच्या आईने गाणं येतं का विचारलं. मी म्हटलं, वाद येतो. मामांनी घाईने विषय बदलला. मंडळींनी "दिवाळीनंतर कळवतो" असं सांगितलं. परतताना मी मामांना म्हटलं, मला लाख हवी आहे. "लाख? लाखेच्या बांगड्या?" "नाही, काडीवरची कच्ची लाख." बांगड्यावाल्याकडे ती मिळाली. मामा गाडीपर्यंत डोकं खाजवत आले. "कुमे, तू नवरा पाहाले आली का लाख नेवाले, मले तं समजून नाई राहिलं," म्हणाले. मी रुमालात लाख बांधून आईशेजारी बसले आणि त्या प्रवासात मला पहिल्यांदाच वाटलं की आपल्या हातात काहीतरी आहे.

लाख उकळून तिचं लालभडक पाणी आईनेच काढून दिलं. गुरुजींनी सरकी आणली. ती दोन दिवस त्या रसात मुरवली, वाळवली, मग आईने हिवरखेडच्या रीतीने तिला शेण चोळलं, म्हणजे सरकीची लव बसते आणि दाणा सुटा पडतो. मृगाचा पाऊस झाल्यावर परसात, तुळशीपलीकडे, मी ती टोबली. आठ दिवसांनी मला राहवेना म्हणून एक जागा उकरून पाहिली. टरफल रिकामं, कुजलेलं, आणि त्यातून दोन पानं वर गेलेली. झोयाबाईने ते टरफल चिठ्ठीत गुंडाळून डब्यात ठेवलं. रोज सकाळी वाद व्हायचा, मी हरायची, आणि मग आम्ही तिघं परसात जायचो, ती, गुरुजी आणि मी. बाबा येत नसत. भादव्याच्या सुमारास पिवळी फुलं लागली, आणि एका सकाळी झोयाबाई ओसरीवर ओरडतच आली, "रक्तम्! रक्तम्!" म्हणजे लाल, लाल! आदल्या दिवशीचं पिवळं फूल रात्रीतून तांबूस झालं होतं. बाबासुद्धा पाटावरून उठले. लाल निघालं तर पूर्वपक्ष जिंकला आणि मी कॉलेजात! गुरुजींनी फूल पाहिलं आणि ते मनापासून हसले. "बाई, हे सगळ्याच पऱ्हाटीले होते. फूल जुनं झालं का लाल पडते. बिनरंगाच्या सरकीचं बी असंच." झोयाबाई खाली बसली, स्वतःवरच हसली आणि तिने चिठ्ठी लिहिली: फूल लाल होतं, पण लाखेमुळे नाही. अद्यापि न.

दिवाळी झाली. बोंडं भरली, तडकली. पहिलं बोंड उमललं त्या दिवशी मामा अकोल्याहून आले होते, खिशात पत्र घेऊन. मंडळी होय म्हणाली होती. त्यांना मुलगी वाद घालते हे आवडलं होतं म्हणे, वकिलाच्या घरात चालेल. ओसरीवर बाबा, मामा, झोयाबाई आणि तायडे गुरुजी असे चौघे बसलेले, आणि मी परसातून बोंड हातात घेऊन आले. कापूस पांढराशुभ्र होता. कुठे लाल छटासुद्धा नव्हती.

झोयाबाईने तो हातात घेऊन खूप वेळ पाहिला. मला वाटलं ती रडेल. तिच्या गुरूंची वही ज्या वाक्यावर थांबली, ते वाक्यच खोटं निघालं होतं. पण ती म्हणाली, "माझे गुरू आज हसले असते." तिचा ग्रंथ पुढे आठ वर्षांनी छापून आला. मला रशियन येत नाही, पण एका पानाच्या तळाशी लहान अक्षरात अमरावती, तायडे आणि कुमुद हे तीन शब्द मला लावता येतात. तळटीप काय म्हणते ते तिने पत्रातून कळवलं होतं: कापूस पांढरा आला.

बाबा समाधानाने भिंतीला टेकले. "पूर्वपक्षाचा दृष्टान्त गेला. सुपारी."

मी सुपारीची मूठ उघडली नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच. "दृष्टान्त गेला, मान्य," मी म्हटलं. "पण तो माझा नव्हताच. लाखेचा रंग सरकीला बाहेरून लावला होता. बाहेरून लावलेलं पिकात उतरलं नाही. आणि सरकी? ती कुजली, बाबा. मी उकरून पाहिली, टरफल रिकामं होतं. ती सरकी आज कुठेही नाही. तरी तिथे कपाशीच आली, तूर नाही आली, एरंड नाही आला. आत कोणी टिकला नाही आणि तरी ओळ तुटली नाही. मग कालच्या संत्र्याची आठवण यायला टिकून राहणारा कोणी कशाला हवा? ओळ पुरे आहे."

हे पोथीत नव्हतं. मला कोणी शिकवलं नव्हतं. मामा बाबांकडे पाहत होते, बाबा माझ्याकडे.

तायडे गुरुजी हळूच म्हणाले, "आता हे आमचं म्हननं झालं. पोरीनं बराबर सांगतलं." मग थांबून, बाबांकडे न पाहता, झोयाबाईच्या हातातल्या त्या बोंडाकडे पाहत ते पुढे म्हणाले, "माह्या आज्याले जे लावलं होतं, शास्त्रीबुवा, ते बी बाहेरूनच लावलं होतं. ते पिढ्यान्पिढ्या उतरते, असं लोक सांगत आले. उतरत नाई. आपन पेरून पाह्यलं."

माझ्या युक्तिवादाला बाबांच्या पक्षाकडे उत्तर आहे, चांगलं भक्कम उत्तर आहे, आणि ते बाबांना तोंडपाठ होतं, हे मला आज माहीत आहे. त्यांनी तोंड उघडलंही. मग मिटलं. त्यांची नजर कोनाड्याकडे गेली, तिथल्या दोन कपांवर थांबली आणि परत आली. मला त्यांची इतकी भीती, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया, एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

"ज्याला समोरच्याचा पक्ष समोरच्याला पटेल असा मांडता येत नाही," ते सावकाश म्हणाले, "तो वाद सुरू होण्याआधीच हरलेला असतो. हा नियम मीच शिकवतो. तीस वर्षं मी ज्या बौद्धाला हरवलं, तो मीच बनवलेला होता. खरा बौद्ध नाल्यापलीकडे राहत होता आणि मी त्याला कधी विचारलं नाही."

एवढं बोलून ते कनवटीला सुपारी चाचपू लागले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. त्यांच्याजवळ सुपारी नव्हतीच. कधी लागलीच नव्हती. मामांनी खिशातलं पत्र काढलं होतं, ते त्यांनी पुन्हा घडी करून आत ठेवलं.

बाबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा पानाच्या डब्यातली एक सुपारी द्या."

"आज काहून?" आई आतून म्हणाली. "कुमीजोळ तिची हाय न?"

"तिला नको," बाबा म्हणाले. "मला पाहिजे. मी हरलो."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. आई हात पिठाचेच घेऊन दारात आली. तिने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खांबापलीकडे बसलेल्या सखूबाईच्या मुलाकडे पाहिलं.

"मंग एक काहून?" ती म्हणाली. "दोन घ्या. समोर दोघं बसले हायेत."

बाबांनी दोन घेतल्या. एक माझ्यापुढे जमिनीवर ठेवली, रीतीप्रमाणे. दुसरी घेऊन ते पाटावरून उठले, खांब ओलांडून पलीकडे गेले, आणि ती त्यांनी तायडे गुरुजींच्या हातात दिली.